कॉफी आवडली नाही, की कप बिघडलेला होता?

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी माझी भाची मला कोथरूडमधल्या एका नव्या कॉफीशॉपमध्ये घेऊन गेली. तिने २४० रुपयांची कॅपुचिनो मागवली, चार घोट घेतले आणि कप बाजूला सरकवला. मी विचारलं, "काय गं, चांगली नाहीये का?" तर म्हणाली, "माहीत नाही मावशी. मला बहुतेक कॉफी आवडतच नाही."

मी तिच्या कपातला एक घोट घेतला. दूध इतकं तापवलेलं होतं की त्याला शिजल्याचा वास येत होता. वर जाड, कोरडा फेस होता, भांडी घासताना येतो तसा, आणि खालची कॉफी करपट. पोरीच्या आवडीनिवडीचा इथे काही संबंधच नव्हता, कपच बिघडलेला होता. पण तिला ते सांगता येईना आणि दोष तिने स्वतःकडे घेतला. त्या दिवशी घरी येताना तिला जे सांगायला लागले, ते आज सविस्तर लिहिते आहे. कारण दोनशे-अडीचशे रुपये मोजून गप्प बसणारी ती एकटी नाही.

मी सव्वीस वर्षं दुधाच्या डेअरीत गुणनियंत्रणाचं काम करते. दूध चाखणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. नोकरीला लागले तेव्हा आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली: चाखणाऱ्याने "मला आवडलं" आणि "हे नीट आहे" ही दोन वाक्यं कधी एकत्र करायची नाहीत. मला म्हशीचं दूध आवडतं म्हणून गायीचं दूध नापास करता येत नाही. आणि मला आवडणारं म्हशीचं दूध खवट झालं असेल तर ते पास करता येत नाही. कॉफीचंही तेच. आवड तुमची असते, ती चूक-बरोबर नसते. दर्जा कपाचा असतो आणि तो तपासता येतो. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायची सवय लावा, बाकीचं त्यातून येतं.

आपली जीभ कुठून आली

सुरुवात कॉफीशॉपमध्ये करू नका, घरात करा. लहानपणी कॉफी म्हणून तुम्हाला काय दिलं गेलं ते आठवा. जीभ त्याच्याशीच सगळं ताडून बघत असते.

माझं माहेर मिरजेचं. आमच्याकडे चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. कुणी आजारी असेल, उपास असेल, संध्याकाळी कुणी मोठी माणसं येणार असतील, तेव्हाच कॉफी व्हायची. पातेल्यात सायीसकट दूध, भरपूर साखर, दोन चमचे कॉफी, एक वेलदोडा, आणि शेवटी आई सहाणेवर जायफळाचे चार वळसे उगाळून ते बोटाने पातेल्यात निपटायची. त्या कॉफीत कॉफी कमी आणि दूध-जायफळ जास्त. पण माझ्या जिभेला कॉफी म्हणजे दाट, गोड आणि सुगंधी, हे तेव्हाच कायमचं ठरून गेलं.

पुढे शिकायला मुंबईला, माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. हॉस्टेलपासून किंग्ज सर्कल चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या कॉफी पावडरच्या दुकानांवरून सकाळी गेलं की ताज्या दळलेल्या कॉफीचा वास रस्त्यावर यायचा. रविवारी आम्ही मैत्रिणी कॅफे मद्रासच्या रांगेत उभ्या राहायचो आणि इडलीनंतर स्टीलच्या वाटी-पेल्यात फिल्टर कॉफी यायची. कॉफीला स्वतःची कडवट चव असते आणि ती सुंदर लागू शकते, हे मला तिथे कळलं. पण आजही माझी आवड दाट आणि दुधाळ कॉफीकडेच झुकते. हे मला ठाऊक आहे, म्हणून एखाद्या ठिकाणी पातळ, आंबूस, चहासारख्या रंगाची कॉफी पुढ्यात आली तर मी ती लगेच वाईट ठरवत नाही. आधी स्वतःला विचारते, हे मिरजेच्या पातेल्याचं बोलणं आहे की कपात खरंच काही चुकलंय?

तुमच्या घरी इन्स्टंट कॉफी साखरेबरोबर फेटून व्हायची का? मग तुम्हाला फेस आणि गोडवा हवा असणार. कॉलेजच्या कँटीनमधली आइसक्रीम घातलेली कोल्ड कॉफी हीच पहिली ओळख असेल, तर गरम कॉफीचा कडूपणा तुम्हाला अंगावर येणार. यात कमीपणा काही नाही. फक्त ते माहीत असायला हवं.

चवीला नाव द्या

"कशीतरीच लागतेय" असं म्हटलं की काउंटरवरच्या मुलाला काही करता येत नाही. आपल्याकडे चवीचे शब्द मात्र भरपूर आहेत, आणि कॉफीसाठी ते इतके नेमके बसतात की मला इंग्रजी तक्ते बघायची गरज वाटत नाही.

आंबट म्हणजे लिंबाचं, कोकमाचं. कर्नाटकातल्या चिकमंगळूर किंवा कोडगूच्या चांगल्या अरेबिकाची (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी सौम्य चवीची) हलकी भाजणी असेल तर तिच्यात संत्र्यासारखा आंबटपणा असतोच, तो दोष नाही. पण त्यामागे गोडवा काहीच नसेल, कच्ची कैरी चावल्यासारखं दात आंबले आणि मागे पाणचट वाटलं, तर पाण्याने कॉफीतला पुरेसा अर्क काढलेलाच नाही. दळण जाडसर राहिलं, पाणी पुरेसं गरम नव्हतं, किंवा शॉट, म्हणजे यंत्रातून दाबाने काढलेला कॉफीचा थोडासा दाट अर्क, घाईने काढला.

कडू म्हणजे मेथीचं, कारल्याचं. थोडा कडूपणा कॉफीत हवाच. घोट गिळल्यावर तो हळूहळू ओसरून मागे गूळ किंवा कोको यांच्यासारखं काही उरलं तर उत्तम. पाच मिनिटं जिभेवर बसून राहिला तर अर्क गरजेपेक्षा जास्त निघाला आहे.

तुरट हा वेगळा. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आणि गाल कोरडे पडून आक्रसतात ना, ते तुरट. बरेच जण त्यालाच कडू म्हणतात. कॉफी तुरट लागली तर बहुतेक वेळा पाणी पावडरीतून फार वेळ गेलेलं असतं, किंवा दळण इतकं बारीक असतं की पाणी एखाद्याच फटीतून वाट काढतं.

करपट हा भाजणीचा दोष. शेंगदाणे भाजताना लक्ष चुकलं की जो वास येतो तोच. खमंग आणि करपट यांतला फरक मराठी घरात कुणालाही शिकवावा लागत नाही. फक्त कॉफीच्या बाबतीत आपण करपटालाच "स्ट्राँग" म्हणायला लागलो आहोत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

खवट म्हणजे जुन्या खोबऱ्याचं, जुन्या दाण्याच्या कूटाचं. कॉफीच्या दाण्यात तेल असतं. भाजून बरेच महिने झाले, किंवा दळलेली पावडर उघडी राहिली, की ते खवटतं. हा वास एकदा ओळखता आला की तो किती ठिकाणी येतो हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

आणि कुबट. पावसाळ्यात बंद कपाटाचा येतो तो. दाणे साठवणीत ओलसर राहिले की हा वास कपात उतरतो.

डेअरीत दूध उतरवून घेतात त्या डॉकवर आम्ही कॅनचं झाकण उघडल्याबरोबर पहिला वास घेतो, कारण तोच सगळ्यात खरं बोलतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नाक सरावतं. कॉफीचा कप आला की फोटो नंतर काढा. आधी कप नाकाजवळ न्या, एकच श्वास घ्या आणि मनात पहिला शब्द कोणता आला ते पकडून ठेवा.

एका शनिवार-रविवारचं काम

आता स्वयंपाकघर. एक छोटा स्टीलचा किंवा पितळी साउथ इंडियन फिल्टर आणा, दोन कपांचा पुरतो. कॉफी पावडर विकणाऱ्या दुकानात जाऊन तीन प्रकार घ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम, त्याहून जास्त नको. फिल्टरसाठी दळून द्या म्हणून सांगा.

पहिला: शुद्ध अरेबिका, मध्यम भाजणी, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) अजिबात नाही. जुन्या दुकानांत पाटीवर "प्लांटेशन ए" किंवा "पीबेरी" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला प्लांटेशन म्हणतात, आणि फळासकट वाळवलेल्या कॉफीला चेरी. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते ती.

दुसरा: तीच कॉफी, पण वीस किंवा तीस टक्के चिकोरी मिसळलेली.

तिसरा: रोबस्टाचं, म्हणजे दुसऱ्या, जास्त कडू जातीचं प्रमाण जास्त असलेलं, गडद भाजलेलं मिश्रण.

फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला. चकतीने हलकं दाबा, रेटून नको. उकळलेलं पाणी मिनिटभर थांबवून साधारण १२० मिलिलीटर गोल फिरवत ओता आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन जमतं. थेंब पडतच नसतील तर दळण फार बारीक आहे, आणि दोन मिनिटांत सगळं खाली गेलं तर फार जाड.

पहिली चव दूध-साखरेशिवाय. दोन चमचे डिकॉक्शन, चार चमचे गरम पाणी, आणि कोमट होईपर्यंत थांबा. चटका बसेल इतक्या गरम घोटात जिभेला काही कळत नाही. आम्हीसुद्धा फ्रीजमधलं थंडगार दूध चाखत नाही आणि उकळतंही चाखत नाही. तिन्ही वाट्या शेजारी ठेवून एकामागून एक चाखा, मध्ये साधं पाणी प्या. मग त्याच तीन कॉफ्यांत दूध: एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध. शेवटी साखर, अर्ध्या अर्ध्या चमच्याने. प्रत्येक पायरीला वहीत दोन रकाने करा: "आवडलं का" आणि "नीट आहे का". दुसऱ्या रकान्यात वर सांगितलेल्यांपैकी शब्द लिहायचे.

चिकोरीबद्दल दोन शब्द, कारण तिच्यावरून लोक उगाच भांडतात. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी आहे. तिच्यात कॅफीन नसतं. तिने डिकॉक्शनला काळा रंग, दाटपणा आणि जळक्या साखरेसारखी कडवट-गोड चव येते. आपल्या नियमांप्रमाणे मिश्रणात ती ४९ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि पाकिटावर टक्केवारी छापावी लागते, ती वाचा. तुम्हाला चिकोरी आवडत असेल तर खुशाल प्या, मीही वीस टक्क्यांची पिते. पण चिकोरी जास्त असलेल्या पावडरीला शुद्ध कॉफीचे पैसे देऊ नका.

या दोन दिवसांत तुम्हाला बरंच कळलेलं असेल. पहिली कॉफी पाण्यातलीच आवडली असेल तर तुम्ही कॉफीशॉपमध्ये पोअर ओव्हर किंवा अमेरिकानो (दोन्ही बिनदुधाच्या) मागवून बघायला हरकत नाही, आणि हलक्या भाजणीपर्यंत जाऊ शकता. आंबटपणा अजिबात सोसला नसेल तर मान्सून्ड मलबार मागा. हे दाणे जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर गोदामांत पावसाळी वाऱ्याला ठेवतात. ते फुगतात, फिकट पिवळट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. तिसरी, रोबस्टाची कॉफी दुधासकट सगळ्यात जास्त आवडली असेल तर लाटे (भरपूर दुधाची कॉफी) तुम्हाला बहुधा पाणचटच लागणार. तुमचं समाधान उडुप्याकडच्या तीस-चाळीस रुपयांच्या फिल्टर कॉफीत आहे आणि ते मान्य करण्यात भरपूर पैसे वाचतात. फक्त रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, हे संध्याकाळी लक्षात ठेवा.

दूध

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. आपल्याकडे कॉफीशॉपमध्ये मागवल्या जाणाऱ्या पेयांत बहुतेक दूधच असतं, आणि बिघडतंही तेच.

दुधातली साखर, लॅक्टोज, थंड दुधात फारशी जाणवत नाही. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवलं की ते सगळ्यात गोड लागतं. नीट केलेल्या कॅपुचिनोला साखर कमी लागते ती यामुळे. तापमान ७० अंशांच्या वर जाऊन तिथेच रेंगाळलं की दुधातली व्हे प्रथिनं, म्हणजे पनीर करताना सुटणाऱ्या पाण्यात असतात ती, मोडायला लागतात आणि गंधकासारखा, उकडलेल्या अंड्याच्या जवळचा वास सुटतो. त्यालाच आम्ही शिजलेला वास म्हणतो. गोडवा झाकला जातो आणि फेसही धरत नाही.

"पण कच्चं दूध कसं प्यायचं?" असं माझ्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, आणि बऱ्याच जणांच्या मनात हेच असतं. डेअरीच्या पिशवीतलं दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. ते कच्चं नाही. चांगल्या कॉफीशॉपने ६० अंशांना दिलेल्या कपाला काही होत नाही. पण आपल्या लोकांना ओठ भाजेल इतकं गरम लागतं, गिऱ्हाईक कप परत पाठवतात, म्हणून काउंटरवरची मुलं भीतीपोटी दूध उकळवून ठेवतात. ही तक्रार मी एका दुकानातल्या मुलाच्या तोंडून ऐकली. बिचारा म्हणाला, "ताई, मला येतं नीट करायला, पण लोक ओरडतात."

फेस कसा असावा? वाफेच्या नळीचं तोंड दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून पहिल्या काही सेकंदांत हवा आत घ्यायची. तेव्हा कागद हळूच फाडल्यासारखा चर्र आवाज येतो. मग नळी थोडी खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं, आणि आवाज जवळजवळ बंद होतो. तयार दूध ओल्या रंगासारखं चकचकीत दिसतं, बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्हाला टेबलावर बसूनही हे ऐकता येतं. दूध किंचाळल्यासारखा कर्कश आवाज शेवटपर्यंत येत राहिला तर कप चांगला येणार नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकते.

आणखी एक पाहा. जगमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं उरलेलं कोमट दूध आहे, त्यातच थोडं थंड दूध ओतून पुन्हा वाफ दिली, असं दिसलं तर तिथे दुधाची कॉफी घेऊ नका. दोनदा तापवलेलं दूध चपटं लागतं आणि त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, पटकन बसणारा होतो. भाचीच्या त्या कपाचं हेच झालं होतं. मी नंतर काउंटरजवळ जाऊन उभी राहिले तेव्हा पाहिलं.

दूध कोणतं? टोन्ड दुधात ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. फेस उभा करतात ती प्रथिनं, फॅट त्याला मऊपणा देतं. मला स्वतःला साडेचार टक्क्यांचं सगळ्यात जमतं. म्हशीचं फुल क्रीम फिल्टर कॉफीत राजासारखं शोभतं, पण कॅपुचिनोत हलक्या भाजणीची चव दाबून टाकतं. दूध कितीही चांगलं असलं तरी शिळं असेल, त्याचं फॅट फुटायला लागलं असेल, तर फेस उभा राहत नाही. घरी दूध फेटताना हाताला यश येत नसेल तर आधी पिशवीवरची तारीख पाहा, मग स्वतःला दोष द्या.

ओटचं दूध मी फार वापरलेलं नाही. त्याला स्वतःचा धान्याचा गोडवा असतो, तो ज्यांना चालतो त्यांनी घ्यावं.

काउंटरपाशी

नव्या ठिकाणी गेलात की पहिल्या खेपेला साधी कॅपुचिनोच मागवा, सगळ्यात लहान आकाराची, बिनसाखरेची. हेझलनट, कॅरॅमल, दालचिनी काही नको. गोड सिरपखाली सगळं लपतं. कॅपुचिनोचा जुना इटालियन कप दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलीटरचा असतो. आपल्याकडे साडेतीनशेचा मग येतो आणि कित्येकदा कॉफी तेवढीच राहते, वाढतं ते फक्त दूध. म्हणून विचारा, "यात किती शॉट आहेत?" मोठ्या मगात एकच शॉट असेल तर तुम्ही जास्त पैसे देऊन कमी कॉफीची चव घेताय.

ऑर्डर देऊन लगेच टेबलावर जाऊ नका. दोन मिनिटं उभं राहून पाहा. दाणे तुमच्या कपासाठी त्याच वेळी दळले जातात का, की सकाळीच दळून ठेवलेली पावडर चमच्याने भरतात? वाफेची नळी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसतात का? तिच्यावर पिवळट वाळलेली साय दिसली तर आमच्या डेअरीत ते यंत्र तिथल्या तिथे बंद करतील. शॉट पडतोय तो बघा. सुरुवातीला गडद, मग मधासारखी बारीक धार. साधारण १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत निघाली तर ठीक. दहा सेकंदांत नळासारखी आली तर आंबट-पाणचट कपाची तयारी ठेवा.

विकायला ठेवलेल्या पाकिटांवर भाजल्याची तारीख आहे का तेही पाहा. फक्त "अमुक महिन्यांपर्यंत उत्तम" असं असेल तर फारसं कळत नाही. भाजल्यानंतर एक ते चार आठवडे हा दाण्यांचा सगळ्यात चांगला काळ. घरी नेणार असाल तर शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गॅसजवळच्या फळीवर नको. रोज उघडझाप होणारा डबा फ्रीजमध्येही नको, ओल धरते आणि शेजारच्या लसणीचा वासही धरते.

एकाच कपावरून दुकानाबद्दल मत करू नका, मात्र. दुपारी चारला आणि रविवारी सकाळच्या गर्दीत एकाच यंत्रावर वेगळी कॉफी निघते. मी तीन वेळा जाते, वेगवेगळ्या वेळी, आणि तीच कॅपुचिनो घेते. तीनपैकी दोनदा चांगली आली तर ते ठिकाण माझ्या वहीत राहतं. एखादाच मुलगा किंवा मुलगी मन लावून करतं असंही लक्षात येतं. मग मी त्यांची पाळी कधी असते ते विचारून ठेवते.

मागायचं कसं, परत करायचं कसं

आपल्याला याचाच संकोच असतो. माझी वाक्यं देते, हवी तर तशीच वापरा.

ऑर्डर देताना: "दादा, एक लहान कॅपुचिनो. दूध फार उकळू नका, लगेच पिणार आहे. साखर वेगळी द्या." लगेच पिणार आहे असं म्हटलं की त्यांची कमी गरम देण्याची भीती जाते.

भाजणी विचारायची असेल तर: "आज कोणते दाणे आहेत? मला आंबट कमी चालतं, खमंग हवी." हे वाक्य ऐकून ज्याचे डोळे चमकतात त्याच्याकडून कॉफी घ्यावी.

बिघडलेला कप परत करताना आवाज चढवायची काही गरज नाही. पहिल्या दोन घोटांतच जा, अर्धा संपवून नको. "ताई, दुधाला शिजल्याचा वास येतोय, ताज्या दुधाची करून द्याल का?" एवढंच. कारण सांगितलं की समोरच्याला काय सुधारायचं ते कळतं. आजवर मला फार थोड्या ठिकाणी नकार मिळाला. पण कॉफी नीट केलेली आहे आणि फक्त तुमच्या आवडीची नाही, असं असेल तर ती परत करू नका. ती प्या किंवा सोडा, पुढच्या वेळी दुसरं मागवा. त्या मुलांनी त्यांचं काम चोख केलेलं असतं.

कोल्ड कॉफीचं थोडक्यात सांगते. आइसक्रीमची कोल्ड कॉफी हे गोड खाणं आहे, त्याला गोड खाण्याचेच निकष लावा. कोल्ड ब्रू म्हणजे जाड दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजवून गाळलेली. तिच्यात आंबट-कडू दोन्ही मवाळ असतं. दुधाशिवाय कॉफी प्यायला सुरुवात करणाऱ्यांना मी तीच सुचवते.

आणि वेळ. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या कॉफीतलं अर्धं रात्री अकराला अंगात असतं. चारनंतर मी कॉफी घेत नाही, अपवाद फक्त माहेरी. तिथे आई अजूनही सहाण काढते.

भाचीने वही केली नाही, फोनमध्येच दोन रकाने केलेत. गेल्या आठवड्यात तिने हिंजवडीच्या ऑफिसजवळच्या दुकानातून मला मेसेज पाठवला: "कोर्टाडो. आवड: हो, खूप, कारण दूध कमी. दर्जा: पहिला कप करपट आणि तुरट, परत दिला. दुसरा खमंग. मावशी, मागे गुळासारखं लागतंय."